गरोदर आहे म्हणून राजीनामा मागतात, आम्ही बायकांनी काय करायचं?

प्रश्न: गोरेगावच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एका गाळ्यात आम्ही पॅकिंगचं काम करतो. चाळीसेक बायका आहोत. आमच्यातली एक पाच महिन्यांची गरोदर आहे. सुपरवायझर तिला म्हणतो, "आत्ता राजीनामा लिहून दे, बाळ जरा मोठं झालं की परत घेऊ." बोलायला जावं तर आपलीच नोकरी जाईल अशी भीती वाटते. कायदा आहे म्हणतात, पण तो आमच्यासारख्यांच्या काही उपयोगाचा आहे का?

उत्तर:

ताई, आधी तिला आजच्या आज निरोप द्या की कुठल्याही कागदावर सही करायची नाही. कोऱ्या कागदावर नाही, इंग्रजीत टाइप केलेल्यावर नाही, आणि "नुसता रजेचा अर्ज आहे" म्हणून पुढे केलेल्यावर तर मुळीच नाही. गरोदर बाईला काढून टाकणं कायद्याने जड जातं, म्हणून तर राजीनामा मागतात. तिने तो लिहून दिला की तिला कुणी काढलं हा प्रश्नच उरत नाही. "परत घेऊ" हे तोंडी असतं, राजीनामा मात्र लेखी.

मी मालाडच्या एका गाळ्यात बरीच वर्षं काजबटणाचं काम केलं आणि आता अंधेरी ते दहिसर पट्ट्यातल्या कामगार बायकांबरोबर संघटनेचं काम करते. तुमच्यासारखा प्रश्न आला की मी पहिल्यांदा पगाराची स्लिप मागते. त्यावर ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, कपात दिसते का ते बघा. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ही कपात व्हायलाच हवी. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. बऱ्याच बायकांना हे माहीतच नसतं, पण ईएसआय असेल तर बाळंतपणाच्या रजेचे पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत. ते ईएसआय महामंडळ देतं. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे. अट एवढीच की आधीच्या दोन सहामाहींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी. मग "आम्हाला परवडत नाही" या बोलण्याला काय अर्थ राहिला? सहा महिन्यांसाठी बदली बाई बघायची तयारी नसते, एवढंच.

ईएसआय लागू होत नसेल तर ते पैसे मालकाने द्यायचे. १९६१ चा मातृत्व लाभाचा कायदा होता, २०१७ मध्ये त्यात १२ आठवड्यांचे २६ झाले. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे, पण आठवडे तेच आहेत. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं की हक्क लागतो. "तुम्ही ठेकेदाराच्या आहात, कंपनीच्या नाही" असंही ऐकवतील. दिल्ली महापालिकेत मस्टरवर (हजेरीपटावर) रोजंदारी करणाऱ्या बायकांनाही "तुम्ही कायम नाही" म्हणून हा लाभ नाकारला होता. ते प्रकरण लढवलं गेलं, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही मातृत्व लाभ द्यायला लावला. खडी वाहणाऱ्या, रस्त्यावर राबणाऱ्या बायकांना जो हक्क मिळाला, तो पॅकिंगवालीला कसा नाकारणार?

आता भीतीबद्दल. तुमची भीती खोटी नाही, आणि "घाबरू नका" असं मी म्हणणार नाही. एकटी बाई केबिनमध्ये गेली तर तिचं नाव लक्षात राहतं, आणि पुढच्या महिन्यात तिची हजेरी, तिचं काम, तिची बोलण्याची पद्धत सगळंच खटकायला लागतं. म्हणून एकटीने जायचंच नाही. तिची अडचण तिच्या एकटीची आहे असं सुपरवायझरला वाटता कामा नये.

पण चाळीस बायका एकत्र आणायच्या कुठे? कुणाला नालासोपाऱ्याला जाऊन भाकऱ्या टाकायच्या असतात, कुणाचं पोर शेजारणीकडे असतं. आमच्या अर्ध्या बैठका लेडीज डब्यात झाल्या आहेत. उरलेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणि भिशीच्या दिवशी. तिथे घरून कुणी अडवत नाही. तुमच्याकडेही एखादी भिशी असेलच, तिथूनच सुरुवात करा.

आणखी एक सांगते. काही बायका या प्रश्नावर लगेच पुढे येणार नाहीत. "माझी पोरं मोठी झाली, मला काय त्याचं" असं म्हणतील. त्यांच्यावर चिडू नका. सगळ्यांना रोज टोचणारी गोष्ट त्याच अर्जात घाला. आमच्या गाळ्यात ती संडासाची किल्ली होती. ती सुपरवायझरच्या खिशात असायची, मागायला लाज वाटायची, म्हणून बायका दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. चहाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या मिळून गेलो, फार बोललोही नाही. किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर आली. त्या दिवसानंतर बायकांचा एकमेकींवर विश्वास बसला, आणि मग पगाराच्या स्लिपा मागणं सोपं गेलं. २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी'ची मोहीम सुरू झाली तीही अशाच साध्या प्रश्नावरून, की सार्वजनिक शौचालयात पुरुषांना लघवीला फुकट आणि बायकांना पैसे का?

अर्ज मराठीतच लिहा, पानभर पुरे. काय घडलं, कुठल्या तारखेला, कोण काय म्हणालं आणि तुम्हाला काय हवं. सह्या गोलात घ्या, म्हणजे पहिली कुणाची ते कळत नाही. पोच म्हणून शिक्का मागा. नाही दिला तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. आणि तिने स्वतः सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर साधा मेसेज टाकावा: "आज तुम्ही मला राजीनामा द्यायला सांगितलंत, मला राजीनामा द्यायचा नाही, मला बाळंतपणाची रजा हवी आहे." उत्तर येवो न येवो, तारखेचा पुरावा राहतो.

ऐकलं नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात तक्रार करता येते. ईएसआयचं दुखणं असेल तर लोअर परळचं पंचदीप भवन. वकिलाचा खर्च कुठून आणायचा म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आणि हो, चाळीस बायका असताना लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नसेल तर तेही बेकायदा आहे. २०१३ च्या कायद्याने दहा माणसांपासून ती लागते, नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. ही मागणी त्याच अर्जात घालून टाका.

कायदा आमच्यासारख्यांचा आहे का, असं तुम्ही विचारलंत. मुंबईतल्या एका औषध कंपनीत पॅकिंगच्याच खात्यातल्या मुलींना लग्न झालं की काढून टाकायचा नियम होता. बॉम्बे लेबर युनियनने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि १९६५ मध्ये तो रद्द झाला. लग्न झालेल्या बायकांच्या रजा फार होतात, हे कंपनीचं म्हणणं न्यायालयाने मानलं नाही. पुढे १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींनी पहिल्या गरोदरपणात नोकरी जाण्याचं कलम मोडून काढलं. म्हणजे तुमचा सुपरवायझर आज जे मागतोय, ते या शहरातल्या बायकांनी लढून कधीच मोडीत काढलेलं आहे.

आज घरी गेल्यावर तिची स्लिप, ईएसआय कार्ड आणि डॉक्टरची चिठ्ठी, ज्यावर बाळंतपणाची तारीख आहे ती, यांचे फोटो काढून दोघी-तिघींच्या फोनमध्ये ठेवा. स्लिपवर कपात दिसते की नाही ते मला इथेच कळवा. दिसत नसेल तर अर्ज थोडा वेगळा लिहावा लागेल, तो आपण मिळून लिहू.