ॲप्रन तीन, माणसं सहा

प्रश्न : सर, मी मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभागात दुसऱ्या वर्षाला आहे. रोज चार-पाच केसेस सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनखाली, होतात. शिशाचे ॲप्रन तीन, माणसं सहा. अंगाला किती किरण लागले ते मोजणारे बॅज कपाटातच पडलेले. विचारलं की सीनिअर हसतात, ‘एवढ्यानं काय होतंय?’ मी उगाच घाबरतेय का?
— एक निवासी डॉक्टर

उत्तर : उगाच नाही. (तुला ‘तू’च म्हणतो, माझ्या मुलीच्या वयाची असशील.) १९९३ च्या किल्लारी भूकंपात हाडं मोडलेल्यांची रीघ लागली, तेव्हा आमच्याकडे सी-आर्म नव्हता. एक्स-रेची ओली प्लेट उजेडात धरून हाडातला खिळा कुठं गेला ते बघायचो. पुढं मशीन आलं आणि आम्ही इतके हरखलो, की स्विचवरचा पाय उचलायचं सुचेना. ॲप्रन? मे महिना, एसी बंद, त्यात ते धोंड्यासारखं ओझं. काढून फेकायचो. त्या हसणाऱ्या सीनिअरांत मीही होतो.

आता कामाचं. तुला लागतात ते किरण बहुतेक पेशंटच्या अंगावरून उडालेले असतात. अंतर दुप्पट केलं की मात्रा साधारण पाव होते. म्हणून शॉट, म्हणजे एक्स-रे, घेण्याआधी मागं सरक. किरण सोडणारी नळी टेबलाखाली आणि चित्र घेणारा वरचा डबा पेशंटच्या अगदी जवळ ठेवायला सांग. खुब्याचा आडवा शॉट असेल तर नळीच्या बाजूला थांबूच नकोस, डब्याच्या बाजूला ये. आपले लोक नेमके उलटे उभे राहतात, कारण ट्रे तिकडं असतो. अरे, मग ट्रे हलवा ना! झोतात हात घालायचा नाही, शिशाचा हातमोजा असला तरी नाही. तो आडवा आला की मशीन आपोआप किरण वाढवतं.

बॅज ॲप्रनच्या आत, छातीवर लाव. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक), कुठल्याही एका वर्षात ३०. कपाटातला बॅज कपाटाचाच हिशेब देणार.

ॲप्रन तीनच असतील तर टेबलाजवळचे तिघं ते घालतील, बाकीचे शॉटला दाराबाहेर. नव्या ॲप्रनसाठी विभागप्रमुखांना लेखी दे. तोंडी मागणं चहाबरोबर विरून जातं. आणि आहेत ते घडी घालून स्टुलावर टाकू नका, घडीवर आतलं शिसं तडकतं. एखाद्या दुपारी थिएटर रिकामं असताना त्या ॲप्रनचेच शॉट घे, अर्थात दुसरा अंगावर घालून. भेगा दिसल्या तर तेच चित्र सीनिअरला दाखव.