गुरुजी, डाग झाकायला डिग्री कशाला?

बार्शी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकांचं चार पानी पत्र आलं आहे. थोडक्यात असं: मुलगी एकोणीस वर्षांची. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोनदा दिली. बारावीबरोबर ३८८ गुण, मग लातूरला हॉस्टेलवर वर्षभर राहून ४३१. वडिलांना ती स्किनची डॉक्टर नाहीतर प्लास्टिक सर्जन व्हायला हवी आहे. 'मी नर्सिंग करते, पुढे क्लिनिकल रिसर्चला, म्हणजे रुग्णांवर उपचार पारखून बघायच्या संशोधनाला जाते, भाजलेल्यांच्या जखमांवर काम करायचंय,' असं ती म्हणाली, तेव्हापासून घरात अबोला आहे. प्रश्न एवढाच, की तिसऱ्यांदा बसवावं की दोन एकर विकून खासगी कॉलेजात सीट घ्यावी.

नमस्कार गुरुजी,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मार्कांसाठी, दुसऱ्यांदा तिसऱ्या पानावरच्या एका वाक्यासाठी. तुम्ही लिहिता, "ती चार वर्षांची असताना उकळतं पाणी सांडलं, उजवा हात भाजला, मांडीची कातडी काढून लावावी लागली. डॉक्टर झाली तर उद्या स्थळं येतील तेव्हा हाताकडे कोणी बघणार नाही."

म्हणजे तुम्ही करिअरचा सल्ला मागितलेलाच नाही. प्लास्टिक सर्जन व्हायचं तर एमबीबीएसची साडेपाच वर्षं, सर्जरीच्या एमएसची तीन, त्यापुढे प्लास्टिक सर्जरीच्या एमसीएचची तीन, आणि मधल्या दोन प्रवेश परीक्षा वेगळ्या. साडेअकरा वर्षं लांबीची एक बाही तुम्ही त्या हातासाठी शिवायला काढली आहे. जमीनही त्यासाठीच विकायची आहे.

ती मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालते, हेही तुम्हीच लिहिलंय. पुढे कंसात, "आम्हीच सांगितलंय." मला हे वाचून राग आला आणि तो लपवावा असं वाटत नाही. पाणी सांडलं तेव्हा चुलीपाशी कोण होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, मी विचारतही नाही. अशा घरांतले आईबाप मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या दिवसाचं ओझं घेऊन ते पंधरा-पंधरा वर्षं चालतात आणि ते कळत नकळत पोरीच्या डोक्यावर ठेवतात. तुमच्या हातून जे झालं किंवा झालं नाही, त्याची भरपाई तिच्या रँकमधून होणार नाही. आणि ज्या घराला हात बघून नकार द्यायचा आहे, ते घर डिग्री बघूनही हुंडाच ठरवेल.

आता मार्क. ३८८ वरून ४३१ म्हणजे मुलीनं कष्ट केलेत. पण एक अख्खं वर्ष देऊन त्रेचाळीस गुण वाढले असतील आणि तिला स्वतःलाच पुन्हा बसायचं नसेल, तर तिसरा प्रयत्न तिचा नाही, तुमचा आहे. बसवू नका. जमीन तर मुळीच विकू नका.

तुमच्या पत्रातली एक तक्रार मात्र मला शिफारसपत्रासारखी वाटली. ऐन अभ्यासाच्या दिवसांत ती शेजारच्या मधुमेही आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करायला रोज जायची. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडून तिनं ते शिकून घेतलं. आणि तुमच्या शब्दांत, "दर रविवारी जखमेशेजारी फुटपट्टी ठेवून मोबाईलवर फोटो काढायची, वहीत लिहायची, असला वेडेपणा." गुरुजी, फुटपट्टी ठेवायला तिला कोणी सांगितलं? जखम भरतेय की नुसती बरी दिसतेय, हे डोळ्यांना कळत नाही. मापाची पट्टी शेजारी ठेवून, ठरावीक दिवसांनी फोटो घेऊन, तारीख घालून नोंद करायची, जखमांच्या संशोधनाची सुरुवात इथूनच होते. तुमच्या शेजारच्या घरात ती झाली आणि तुम्ही तिला ओरडलात. तिला मात्र एक विचारा: फोटो काढण्याआधी आजोबांची परवानगी घेतली होती का? घेतली नसेल तर तिचा पहिला धडा तोच. नव्या क्षेत्रातलं पहिलं कागदपत्र संमतीचं असतं, आणि ते रुग्णाच्या भाषेत, त्याला समजेल असं समजावून घ्यावं लागतं.

तुम्ही लिहिता, "रिसर्च डॉक्टर करतात, बाकीचे त्यांची हमाली." हा गैरसमज शिकलेल्या घरांत जास्त सापडतो. चाचणीचा प्रमुख डॉक्टर असतो, खरं आहे. पण नव्या ड्रेसिंगची चाचणी चालते कशी ते बघा. कोणत्या रुग्णाला कोणतं ड्रेसिंग मिळणार हे कोणाच्या मर्जीवर सोडत नाहीत, चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. ते बांधते नर्स. जखम मोजणारी व्यक्ती शक्यतो वेगळी ठेवतात, कुठलं ड्रेसिंग होतं हे तिला कळू देत नाहीत, नाहीतर आवडत्या ड्रेसिंगची जखम लवकर भरलेली दिसते. रुग्ण तपासणीला आला नाही तर त्याला फोन करणं, ताप आला तर त्याची नोंद करून ती वेळेत वर कळवणं, हे रिसर्च कोऑर्डिनेटरचं काम. आकड्यांचा अर्थ लावतो सांख्यिकीवाला. आणि 'भरली' म्हणजे काय, यावरही वाद असतो. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २००६ साली जखमांच्या चाचण्यांसाठी व्याख्या करून ठेवली: वर कातडी आलेली हवी, स्राव नको, ड्रेसिंगची गरज नको, आणि दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा तपासून तेच दिसायला हवं. ती दोनदा तपासणी टाळली, तर वरच्या डॉक्टरचं सगळं पांडित्य फुकट. ही हमाली असेल तर शाळेतलं हजेरीपत्रकही हमालीच.

आपल्याच मुंबईतलं उदाहरण घ्या. १९८५ साली डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग भाजलेल्या जखमांवर वापरून त्याचा अहवाल छापला. पुढे सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांवर काम केलं. हसू नका. भाजलेल्या माणसाला विचारा, दिवसातला सगळ्यात वाईट क्षण कोणता, तर तो ड्रेसिंग काढतानाचा सांगेल. गॉजची जाळीदार पट्टी जखमेला चिकटते आणि नवी कातडी घेऊनच निघते. केळीचं पान चिकटत नाही, आणि महापालिकेच्या दवाखान्यात येणाऱ्याला परवडतं. पण 'आमच्या आजीपासून चालत आलंय' एवढ्यावर ते वॉर्डात चालत नाही, मोजून दाखवावं लागतं.

आणखी जुनी गोष्ट पुण्याची. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या, इंग्रज फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं गेलं. हा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात आला आणि त्यावरून १८१४ साली कार्प्यू या सर्जननं तिकडे तशी शस्त्रक्रिया केली. ज्या कारागिरानं पुण्यात नाक बसवलं, त्याची जात नोंदली गेली, नाव नाही. विद्या त्याची, पण ती लंडनला पोचली शेजारी बसून पाहणाऱ्या आणि लिहून ठेवणाऱ्यांमुळे. तुमची मुलगी त्या दुसऱ्या जातकुळीतली दिसते.

व्रणाचंही सांगते, कारण ते थेट तुमच्यासाठी आहे. व्रण मोजायच्या जुन्या पट्टीत फक्त तपासणाऱ्याचं मत घेत: रंग, रक्तपुरवठा, लवचिकपणा, उंची. नंतर नेदरलँड्समध्ये पोसास नावाची पट्टी तयार झाली. तिचे दोन भाग आहेत, एक तपासणाऱ्यानं भरायचा आणि एक ज्याच्या अंगावर व्रण आहे त्यानं. दुखतो का, खाजतो का, ताठर वाटतो का, रंग वेगळा वाटतो का, हे तो स्वतः सांगतो. त्यात वडिलांसाठी रकाना नाही, व्याह्यांसाठीही नाही. पंधरा वर्षांत तिला यातला एक तरी प्रश्न कोणी विचारलाय का?

रस्ते थोडक्यात. बी.एस्सी. नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी आहे. नीटच्या गुणांवर ऑक्युपेशनल थेरपीही, म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा जमवून देणारी उपचारशाखाही, मिळू शकते. सायन, केईएम, नायर आणि नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात ती शिकवतात. लहानपणी तिला दिवसाचे तेवीस तास घालायची घट्ट बाही शिवून दिली होती ना, कोपर आखडू नये म्हणून स्प्लिंट बांधलं होतं ना? ते बहुधा एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचंच काम. सर्जनला तुम्ही अजून पेढे पाठवता, त्या बाईंचं नाव आठवतंय का? नर्सिंगनंतर टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा (शस्त्रक्रियेनं पोटावर केलेलं मलमूत्राचं तोंड) आणि जखमांच्या काळजीचा अभ्यासक्रम आहे. ब्रिटनमध्ये टिश्यू व्हायाबिलिटी नर्स हे स्वतंत्र पद असतं, अवघड जखमांसाठी वॉर्डातले डॉक्टरही तिचा सल्ला घेतात.

पण पदवीआधी 'क्लिनिकल रिसर्च डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी' अशी जाहिरात करणाऱ्या कुठल्याही खासगी संस्थेत लाखभर रुपये भरू नका. हा डिप्लोमा अनुभवाची जागा घेत नाही. चाचण्यांच्या शिस्तीचं, म्हणजे जीसीपीचं, प्रशिक्षण ऑनलाइन मोफतही मिळतं. भारतात चालणाऱ्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. तिला तिथे 'बर्न' किंवा 'डायबेटिक फूट' टाकून महिनाभर वाचू द्या. कंटाळली तर तेही कळेल. पगाराचं खरं सांगायचं तर सुरुवात बेताची असते, तुमच्या आजच्या पगारापेक्षा बरीच कमी. परदेशी कंपनीचं चकचकीत ऑफिस डोळ्यांसमोर आणू नका, आधी वॉर्डातली दोन-तीन वर्षं असू द्या.

अबोला तुम्ही सोडा, ती सोडणार नाही, शिक्षकाची मुलगी आहे. बाह्यांबद्दल बोलायचं सुचत नसेल तर आजोबांपासून सुरुवात करा. पायाची जखम भरली की नाही, हे चार पानांत तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तिच्या वहीत असेल. बघून मला कळवा.