जुन्या जीफोर्सचा ३४० ड्रायव्हर नव्या कर्नलवर का बसत नाही, आणि कसा बसवावा

तुमचं कार्ड जीफोर्स २१०. लिनक्सची डिस्ट्रो (वितरण) नव्या आवृत्तीवर नेल्यापासून एनव्हिडियाचा ३४० ड्रायव्हर बसेना, म्हणून तुम्ही कंपनीची ‘रन’ फाइल उतरवून चालवली. ती मॉड्यूल, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडायचा भाग, बांधताना अडकली आणि आता लॉगिनच्या जागी काळा पडदा दिसतो. कार्ड मोडीत काढावं का, असं विचारलंत. नका काढू, कार्ड धडधाकट आहे.

आधी पडदा परत आणू. ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडून देणाऱ्या बूटलोडरच्या) मेन्यूत कर्नलवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून ३ हा आकडा लिहा आणि बूट करा. मजकुराचं लॉगिन मिळेल. बहुधा घडलंय असं, की त्या इन्स्टॉलरने काम सुरू करतानाच नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर बंदी घातली. पुढे स्वतःचं मॉड्यूल बांधता आलं नाही, पण बंदी तशीच राहिली, म्हणजे आता कार्ड चालवणारं कुणीच नाही. मोडप्रोबच्या (मॉड्यूल लोड करणाऱ्या साधनाच्या) कॉन्फिग फोल्डरांत नूव्होला ब्लॅकलिस्ट करणारी फाइल शोधून काढून टाका. एक्सऑर्गच्या (पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या सर्व्हरच्या) कॉन्फिगमध्ये जुना ‘एनव्हिडिया’ ड्रायव्हर लिहिलेला असेल तर ती फाइल बाजूला ठेवा. मग इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइलप्रणाली) नव्याने बनवून रीबूट करा. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि बंदी उठलीच नाही असं समजतात.

आता मूळ दुखणं. या ड्रायव्हरचे दोन भाग असतात: एक बंद, आधीच कंपाइल झालेला गठ्ठा, आणि त्याभोवती सोर्समध्ये मिळणारं पातळ आवरण. ते आवरण तुमच्या मशीनवर, तुमच्या कर्नलच्या हेडर्सविरुद्ध कंपाइल होतं. कर्नलच्या आतली फंक्शनं मात्र स्थिर राहतील असं कर्नलवाले वचनच देत नाहीत. कर्नलच्या मुख्य देखभालकर्त्यांपैकी एक, ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी कर्नलच्या दस्तऐवजांत ते कारणांसकट लिहून ठेवलंय. कर्नलच्या झाडातल्या ड्रायव्हरचं ठीक असतं, कारण जो फंक्शन बदलतो तोच त्याचे वापरही दुरुस्त करतो. बाहेरच्याला कुणी वाली नाही. ३४० मालिकेतली शेवटची आवृत्ती ३४०.१०८ डिसेंबर २०१९ मध्ये आली, म्हणजे ती कर्नल ५.४ च्या काळातली आहे. पुढे ५.६ मध्ये वेळ मोजण्याच्या जुन्या रचना गेल्या, ५.८ मध्ये ‘एमॅप सेम’चं ‘एमॅप लॉक’ झालं, ५.१८ मध्ये पीसीआय डीएमएची जुनी फंक्शनं हटली, ६.३ पासून ‘व्हीएम फ्लॅग्ज’मध्ये थेट लिहिता येत नाही. ड्रायव्हर बिघडलेला नाही, त्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे.

म्हणूनच ‘बसत नाही’ एवढ्यावरून निदान होत नाही. डीकेएमएसच्या (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या साधनाच्या) फोल्डरात त्या ड्रायव्हरचा मेक लॉग असतो, तो उघडा आणि पहिली एरर शोधा. शेवटची नको, ती नुसती ‘बिल्ड फसलं’ एवढंच सांगते. पहिल्या एररमध्ये वरच्यांपैकी एखादं नाव आलं, की कोणत्या कर्नलपासूनचा पॅच हवा ते कळतं. आर्च लिनक्सच्या एयूआरमधल्या (वापरकर्त्यांनी चालवलेल्या पॅकेजसंग्रहातल्या) ३४० च्या पॅकेजात असे पॅच कर्नलच्या आवृत्तीनुसार वेगवेगळे ठेवलेले आहेत. तुमची डिस्ट्रो दुसरी असली तरी ते वाचायला घ्या, फार शिकायला मिळतं. कंपायलरही तपासा: जीसीसी १४ पासून घोषणा न केलेलं फंक्शन वापरणं थेट चूक ठरतं आणि जुन्या ड्रायव्हरच्या चाचण्या त्यावर घसरतात. आणखी एक. मॉड्यूलचं लायसन्स खोटंच ‘जीपीएल’ लिहून कर्नलची राखीव फंक्शनं उघडणारे पॅचही फिरतात. ते मी लावत नाही, तुम्हीही लावू नका. ज्यांनी ती फंक्शनं मुक्त कोडसाठी राखली त्यांच्याशी ती लबाडी आहे.

मॉड्यूल बांधलं गेलं तरी एक्सऑर्ग अडवू शकतो. ३४० ला एक्सऑर्ग १.२० पर्यंतचाच एबीआय (सर्व्हर आणि ड्रायव्हर यांची एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत) माहीत आहे, २१.१ मध्ये तो बदलला. कॉन्फिगच्या सर्व्हर फ्लॅग्जमध्ये ‘इग्नोर एबीआय’ चालू केलं तर बहुतेक वेळा चालतं. वेलँड (एक्सऑर्गची जागा घेणारी नवी पद्धत) मात्र विसरा. त्याला लागणारा जीबीएमचा आधार एनव्हिडियाने ४९५ मालिकेपासून दिला. तेव्हा एक्स११ (एक्सऑर्गचं) सत्र देणारा डेस्कटॉप हवा. एक्सएफसीई किंवा माटे इथे उत्तम. मशीनवर सिक्युअर बूट (सही नसलेला कोड रोखणारी सोय) चालू असेल आणि मॉड्यूल लोड करताना किल्ली नाकारल्याचा संदेश आला, तर स्वतःची किल्ली मोकयुटिल या साधनाने नोंदवून मॉड्यूलवर सही करा.

पण हे सगळं करण्याआधी नूव्हो मनापासून वापरून बघा, कारण तुमच्या कार्डाचं नशीब चांगलं आहे. नूव्हो संथ वाटतो तो मुख्यतः कार्ड बूटच्या वेळच्या कमी क्लॉकवरच (वेगावरच) राहतं म्हणून. जीफोर्स २१० मधल्या जीटी२१८ चिपवर हा क्लॉक हाताने वाढवता येतो: डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या तपासणीसाठीच्या आभासी फाइलप्रणालीत) डीआरआयच्या फोल्डरात ‘पीस्टेट’ नावाची फाइल असते, रूट होऊन ती वाचली की पातळ्या दिसतात, वरच्या पातळीचा क्रमांक त्यातच लिहायचा. रीबूटनंतर पुन्हा लिहावा लागतो. मॅक्सवेल या एनव्हिडियाच्या नंतरच्या चिपमालिकेच्या दुसऱ्या पिढीपासून कंपनीने सही केलेल्या फर्मवेअरशिवाय हे जमत नाही. तुमचं कार्ड त्या कुलपाच्या आधीचं. व्हिडिओचं हार्डवेअर डिकोडिंग हवं असेल तर बंद ड्रायव्हरमधून फर्मवेअर काढून द्यावं लागतं, ते किचकट आहे. साध्या डेस्कटॉपला नूव्हो पुरतो. कूडा (एनव्हिडियाची कार्डावर आकडेमोड करायची प्रणाली) ६.५ वर लिहिलेलं जुनं काम चालवायचं असेल, तर ३४० ला पर्याय नाही.

३४० च घ्यायचा ठरला, तर माझा सल्ला: नव्या कर्नलमागे धावू नका. ५.१० सारखा दीर्घ देखभालीचा कर्नल धरा, त्याची देखभाल डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर आहे. पॅच लावून एकदा बसवा आणि कर्नल व एक्सऑर्गची पॅकेजं ‘होल्ड’वर टाका. चालणारा जुना कर्नल कधीही काढू नका. मी एकदा नवा कर्नल नीट तपासायच्या आत ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजं काढणारी कमांड) चालवलं; मग लाइव्ह यूएसबीवरून क्रूट करून (बिघडलेल्या प्रणालीत बाहेरून शिरून) सगळं सावरेपर्यंत अख्खी रात्र गेली. आणि ‘रन’ फाइल डिस्ट्रोच्या पॅकेजावर कधीच चढवू नका, दोघांच्या फाइली एकमेकांत मिसळतात आणि नंतर कोणती कुणाची ते उमगत नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो: ३४० ला आता सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि वेबजीएलमधून (ब्राउझरमधल्या ग्राफिक्सच्या सोयीतून) वेबपानाचा कोड ग्राफिक्स ड्रायव्हरपर्यंत पोहोचतो. ज्या मशीनवर पैशांचे व्यवहार करता तिथे हा ड्रायव्हर नको, किंवा निदान ब्राउझरमध्ये वेबजीएल बंद ठेवा.

हेच वाचणाऱ्या इतरांसाठी: एनव्हिडियाच्या नंतरच्या पिढ्यांपैकी फर्मी कार्डांना ३९०.१५७ ड्रायव्हर, केप्लरला ४७० मालिका. कार्ड जुनं रेडिऑन असेल तर एफजीएलआरएक्स या जुन्या बंद ड्रायव्हरच्या नादी लागूच नका, कर्नलमधला मुक्त ‘रेडिऑन’ ड्रायव्हर कितीतरी बरा.

नूव्हो परत आला की ‘यूनेम’ने दिसणारी कर्नलची आवृत्ती, एक्सऑर्गची आवृत्ती आणि मेक लॉगमधल्या पहिल्या एररच्या पाच-सहा ओळी इथे द्या. कोणता पॅच लागेल ते त्यावरून सांगतो.