सुट्टी सांगलीतच, सायकलवर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चार दिवस सुट्टी आहे, पण सासूबाई आजारी असल्यानं बाहेरगावी जाता येत नाही. रोज सकाळी दोन-तीन तास मोकळे मिळतील. साधी, बिनगिअरची सायकल आहे. कुठं जाऊ? (गावभाग)

हरिपूरला जा, आणि चारांपैकी तीन दिवस तिथंच जा. तीन-चार किलोमीटरचा सपाट रस्ता, बिनगिअरची सायकल भरपूर झाली. पहिल्या दिवशी आपण देऊळ बघतो, फोटो काढतो आणि परततो. दुसऱ्या दिवशी फोन पिशवीच्या तळाशी टाका आणि संगमेश्वराच्या घाटावर, कृष्णेला वारणा मिळते तिथं, अर्धा तास नुसतं बसा. तिसऱ्या दिवशी गावात हिंडा. हळद साठवायची जमिनीखालची पेवं ही हरिपूरची खासियत. २००५च्या पुरात त्यातली बरीच निकामी झाली. जुन्या माणसांना विचारलंत तर जागा दाखवतील.

उरलेल्या दिवशी मिरज. एका बाजूनं आठ-दहा किलोमीटर. सतारमेकर गल्लीत दुकानदाराला विचारून जवारी लावताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज जुळवताना, ऐका. घोडीवर कानस जरा फिरली की तारेचा आवाज बदलतो, तो ओळखायला दहा मिनिटं गप्प बसावं लागतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नरसोबाची वाडी या खेपेला नको. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर ओलांडतात आणि सगळं लक्ष घड्याळात राहतं.

प्रश्न : सायकल दोन वर्षं जिन्याखाली पडून आहे. दुकानात न्यायलाच हवी का? (कुपवाड)

आधी घरी बघा. टायरच्या बाजूला भेगा पडून आतला दोरा दिसत असेल तर टायर बदला. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी भरा. एका रात्रीत उतरली तर व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडे येतात का पाहा. तिथं नाही आले तर पंक्चर. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा गेल्या असतील तर रबर नवं. चेन रॉकेलच्या फडक्यानं पुसून कोरडी करा, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. न पुसलेल्या तेलावर धूळ बसते आणि ती कानशीसारखी चेन झिजवते. खोबरेल नको, थंडीत गोठतं. चाक डुगडुगत असेल तर मात्र दुकानच.

प्रश्न : पंक्चर काढलं, दोन दिवसांत पुन्हा त्याच जागी. ट्यूब खराब असेल का? (मिरज)

ट्यूब नव्हे, बहुधा बाभळीचा काटा. तो बाहेरून मोडतो, टोक टायरमध्येच राहतं. ट्यूब काढल्यावर व्हॉल्व्हची जागा धरून ती टायरशेजारी ठेवा. भोक जिथं, टायरमध्येही काटा तिथंच. आतून कापडाचा बोळा फिरवा, अडकला की सापडला. उघडं बोट फिरवू नका. काटा चिमट्यानं आतल्या बाजूनं ओढा.

मग भोकाभोवती पॉलिशपेपरनं घासा, पॅचपेक्षा जरा मोठ्या जागेत सोल्युशनचा पातळ थर द्या आणि पाचेक मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की पॅच दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच हमखास सुटतो, नव्वद टक्के घोळ याच घाईचा. टायर बसवताना शेवटची कड हातानं चढवा; स्क्रू ड्रायव्हरनं ट्यूब चिमटते आणि नवं भोक पडतं.

प्रश्न : अर्ध्या तासात गुडघा पुढून दुखतो. वय ५२. (विश्रामबाग)

सीट खाली असणार. पायडल तळाला असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा थोडा वाकलेला राहील. एकदम न उचलता रोज बोटभर वाढवा. गुडघ्यामागे दुखू लागलं तर जास्त वर गेली. सूज असेल तर सायकल बंद, आधी डॉक्टर.

प्रश्न : निघायची वेळ कोणती? (माधवनगर)

उन्हाळ्यात सहाला निघून नऊच्या आत घरी. तासाला अर्धा लिटर पाणी. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून जाताना पश्चिमेला तोंड करा, दमल्यावर वारा पाठीशी येईल. शेतातल्या पायवाटा तेव्हा टाळा : काळी माती मडगार्डमध्ये भरून चाक अडवते, मग सायकल ढकलताही येत नाही. गाळपाच्या हंगामात अंधारात मोठ्या रस्त्यावर जाऊच नका. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागं दिवा असेलच असं नाही, आणि बाहेर आलेला ऊस हँडलच्या उंचीवर असतो.