रंग टाकसाळीचा की बाहेरचा?

प्रश्न : एक औंसाचे रंगीत ‘सिल्व्हर ईगल’ हे अमेरिकी चांदीचे नाणे घेतले. सोबतच्या प्रमाणपत्रावर ‘फक्त 500 नग’ असे छापले आहे. ते दुर्मीळ समजावे का? आणि चांदीवर पडलेले काळपट डाग कसे काढावेत?

उत्तर : नाणे अमेरिकी टाकसाळीचे, पण रंग नंतर खासगी कंपनीने चढवलेला. 500 हा आकडा त्या रंगवणाऱ्याचा. टाकसाळ ही नाणी दरवर्षी लाखोंनी पाडते आणि उद्या दुसरा कोणीही तेच चित्र छापू शकतो. त्यामुळे विकताना 31.1 ग्रॅम चांदीचाच भाव धरा; काही व्यापारी तर साध्या नाण्यापेक्षाही कमी देतात. वरचे पैसे चित्राचे, आवडले असेल तर खुशाल मोजा. (ऑस्ट्रेलियाची पर्थ टाकसाळ स्वतः रंगीत नाणी काढते, ती गोष्ट वेगळी.)

डागांना हात लावू नका. साध्या नाण्यावरचा चिकटपणा अ‍ॅसिटोनने जातो. इथे रंगच सुटेल. चांदी उजळवायचे द्रावण रंगाच्या कडेखाली शिरले की पापुद्रे निघतात. नाणे कडेने धरा आणि 40.6 मिमीच्या, पीव्हीसी प्लास्टिक नसलेल्या कॅप्सूलमध्ये (नाण्याच्या पारदर्शक डबीत) उन्हापासून दूर ठेवा.