आधी खुर्ची, मग हिशेब

"आप्पा मुद्दाम करतात," निपाणीहून आलेल्या मुलानं वडिलांबद्दल सांगून टाकलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) अंगावरून वारं गेल्याला काही महिने झालेले, डाव्या अंगात बराच जोर परतलेला. एकटे असले की व्यवस्थित उभे राहतात. दारात कुणी तंबाखूचा दर विचारला की झोक जातो. लोकांसमोर नाटक, असा घरच्यांचा समज. ही तक्रार घेऊन बरीच घरं येतात.

फिजिओथेरपिस्ट मागे उभे राहिले, पुढ्यात टेबल ठेवलं. आप्पा छान उभे राहिले. मग म्हटलं, १०० मधून सात-सात वजा करत चला. "९३... ८६..." ७९ येईपर्यंत सगळा भार उजव्या पायावर गेला, डावी टाच उचलली गेली आणि हातानं टेबलाची कड धरली. उत्तर मात्र बरोबर! जन्मभर वखारीतले हिशेब तोंडी केलेला माणूस; तोल सोडेल, हिशेब सोडणार नाही. दुसरा कुणी आकडा चुकवून पाय सांभाळतो. काहीजण तर अंग ताठ करून हलणंच थांबवतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, किती स्थिर उभे आहेत.

एरवी उभं राहायला आपल्याला फारसं लक्ष द्यावं लागत नाही. मेंदूला झटका बसल्यावर मात्र तेच काम पुष्कळांना लक्ष देऊन करावं लागतं. बोलणं, आठवणं, हिशेब यांत ते लक्ष गेलं की पायांच्या वाट्याला कमी उरतं. बसमध्ये कंडक्टरनं कानडीत विचारलं की आप्पा जास्त डगमगतात, असंही मुलगा म्हणाला. बरोबरच आहे. कानडी जेमतेम येत असेल तर शब्द शोधणं हेही डोक्याला कामच.

"म्हणजे डोकं गेलं का माझं?" आप्पांनी विचारलं. नाही हो. आणि नाटकही नाही, हे मी मुलाकडे बघून सांगितलं.

त्याला म्हटलं, आधी बसवा, मग विचारा. पायरी उतरताना, मोरीत असताना हाक मारू नका. पण कायम गप्प ठेवणं हा उपाय नव्हे. बाजारात कोण गप्प बसणार आहे? म्हणून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, कठड्याजवळ उभं राहून बेळगावपर्यंतच्या वाटेवरची गावं सांगायची: संकेश्वर, हत्तरगी, काकती. ते जमलं की वजाबाकी. आप्पांनी अट घातली, वजाबाकी तंबाखूच्या वजनांची हवी. मान्य केली.

एक मात्र वेगळं. तोल अचानक, नव्यानं जायला लागला, तोंड वाकडं झालं किंवा जीभ जड झाली, तर सराव बाजूला ठेवून तडक मोठा दवाखाना गाठा. तो नवा झटका असू शकतो, आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.