वांगं जांभळं नको

प्रश्न : यावल तालुक्यात आमचं भरीत-भाकरीचं छोटं हॉटेल आहे. इन्स्टाग्रामसाठी एआयकडून फोटो आणि अहिराणीत मजकूर करून घेतला. लाइक राहिले बाजूला, लोक हसले. काय चुकलं?

उत्तर : फोटो पाहिला. जांभळी वांगी, शेजारी नान! आपलं भरिताचं वांगं फिकट हिरवं, पांढरट रेषांचं. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या वांग्यासाठी बामणोद गावाचं नाव खान्देशात पोराटोरांना माहीत, पण टूलला 'वांगं' म्हटलं की जांभळंच सुचतं. त्याला 'हिरवं, मोठं, रेषांचं' असं बजावता येईल, तरी माझं ऐकाल तर या कामाला ते नकोच. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर करपत चाललेलं वांगं, मग लसूण-मिरची आणि कांद्याच्या पातीसोबत ठेचणारे हात, हे पंधरा सेकंद मोबाइलवर घ्या. एआयला लावा ते व्हिडिओ कापायला, सबटायटल टाकायला, दहा मथळे सुचवायला. दहातले नऊ टाकाऊ निघतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आता भाषा. यावल-रावेरकडे घरोघरी लेवा गणबोली जास्त. अहिराणी अमळनेर-धुळ्याकडची. तुमचं रोजचं गिऱ्हाईक जी बोलतं, तीत लिहा. टूल पुस्तकी मराठीला दोन-चार शेपट्या जोडून त्यालाच अहिराणी म्हणतं. दोन ओळी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून बोलून घ्या, आणि त्या टूलकडून 'सुधारून' मात्र घेऊ नका. आजीच्या बोलीचा शाळेतला निबंध होईल.

प्रश्न : जळगावातल्या एका सराफी दुकानाचं पेज मी सांभाळते. एआयने लिहिलं, '२२ कॅरेटचं १०० टक्के शुद्ध सोनं'. मालकांना ओळ आवडली. टाकू का?

उत्तर : नाही, ताई. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के, म्हणूनच दागिन्यावर ९१६ असतं. ओळ झोकदार आहे, हिशेब खोटा आहे. सुवर्णनगरीतलं गिऱ्हाईक हे पटकन पकडेल. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्या वेळी 'एआयने लिहिलं' हे कोणी ऐकून घेत नाही. त्याऐवजी हॉलमार्क आणि एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) दागिन्यावर कुठे असतो, तो भिंगातून कसा वाचायचा, याचं रील करा. एप्रिल २०२३ पासून हा सहा अंक-अक्षरांचा क्रमांक सक्तीचा आहे, तरी कितीतरी जण तो न बघताच दागिना घेतात.

प्रश्न : गूगलवर पन्नास पंचतारांकित रिव्ह्यू एआयकडून लिहून घेतले तर?

उत्तर : गूगलच्या नियमांत खोटे रिव्ह्यू बसत नाहीत, पकडले की उडतात. बिल देताना गिऱ्हाइकाला क्यूआर कोड दाखवा. महिन्याला चार खरे आले तरी चालेल.

प्रश्न : धुळ्यात राहतो, बी.कॉम. झालो. चाळीस हजार भरून डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करू का? एआय आल्यावर नोकऱ्या उरतील का?

उत्तर : पैसे आत्ताच भरू नका. गूगलचं स्किलशॉप हे ऑनलाइन शिकायचं ठिकाण फुकट आहे, आधी ते संपवा. नुसती कॅप्शन पाडणाऱ्यांची कामं कमी होणार, यात मला शंका नाही. जाहिरात कुठे, कोणाला, किती पैशांची बोली लावून दाखवायची, हेही गूगलच्या २०२१ मध्ये आलेल्या परफॉर्मन्स मॅक्ससारख्या जाहिरात मोहिमांत यंत्रच ठरवतं. माणसाकडे उरतं ते यंत्राला काय खायला घालायचं ते : खरे फोटो, नेमका गिऱ्हाईक कोण, आणि कोणत्या फोनला 'विक्री झाली' म्हणायचं. हे वर्गात बसून कळत नाही. काका-मामांपैकी कोणाचं दुकान असेलच, मोटर रिवाइंडिंगचं का असेना. तीन महिने त्याचं गूगल प्रोफाइल सांभाळा. रोज फोन किती आले, दुकानात किती जण आले, आणि किती जणांनी 'गूगलवर पाहिलं' म्हटलं, वहीत लिहा. माझ्याकडे मुलाखतीला आलात तर प्रमाणपत्राआधी मी ती वही मागेन.